नळाला मीटर घेतला तर पैसे वाचतील का? आधी घरातलं पाणी मोजून बघा

बेळगावच्या अनगोळात आमचं जुनं घर आहे. मागच्या अंगणात विहीर, पुढच्या खोल्यांत दोन भाडेकरू. नोकरीभर एका सहकारी सोसायटीत खतावण्या लिहिल्या, म्हणून गल्लीतल्या बायका पाण्याचं बिल हातात घेऊन माझ्याकडं येतात. विचारायचं एकच असतं: "काकू, मीटर बसवून घेतला तर बिल कमी येईल का हो?"

कुणाचं येतं, कुणाचं वाढतं. शेजारच्या घरी काय झालं त्यावरून आपलं ठरवू नका, कारण त्यांच्या घरात माणसं वेगळी आणि हौद वेगळा. आठवडाभर घरातलं पाणी मोजलं की वहीच्या एका पानावर उत्तर मिळतं. ते पान कसं भरायचं ते इथं सांगते.

तुम्हाला निवड आहे का, ते आधी बघा

बेळगावात जागतिक बँकेच्या मदतीनं २००८ च्या सुमारास काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. तिथं नळाला मीटर आहे आणि बिल लिटरवर येतं. आता उरलेल्या शहरात तीच पद्धत आणायचं काम चाललंय. नवी पाइपलाइन दारात आली की मीटर तिच्यासोबतच येतो, हवा की नको असं कुणी विचारत नाही. तुम्ही अशा भागात असाल तर निवडीचा प्रश्न संपला, पण मोजणी तुम्हालाच जास्त उपयोगाची आहे. का ते गळतीच्या भागात सांगते.

बाकी ठिकाणी राकसकोप नाहीतर हिडकल धरणाचं पाणी काही दिवसांआड, काही तासच येतं आणि पाणीपट्टी ठरीव असते. दोन घागरी भरा नाहीतर पूर्ण हौद, पैसे तेवढेच. खरा हिशोब मांडायचा आहे तो या घरांनी.

बिलातला नेमका आकडा शोधा

बिल कन्नडमध्ये असतं. आपल्यातल्या कितीतरी जणी शेवटचा आकडा वाचतात आणि तोच महिन्याचा आकार समजतात. एवढे शब्द ओळखता आले तरी पुरे: "हिंदिन" म्हणजे मागचं रीडिंग, "ईगिन" किंवा "प्रस्तुत" म्हणजे आताचं, "बळके" म्हणजे वापर, "बड्डी" म्हणजे व्याज, "ओट्टु" म्हणजे एकूण. "बाकी" तर आपलीच बाकी. लिपी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी बसवा, कन्नड त्यांना शिकवतातच. बिल एकदम दुप्पट झालं म्हणून जी घरं घाबरलेली असतात, त्यांच्या कागदावर बहुतेक वेळा मागची बाकी आणि बड्डी मिसळलेली असते. ती बाजूला काढा. चालू महिन्याचा निव्वळ आकार वहीत लिहा. हा पहिला आकडा.

दुसरा आकडा पाणीपट्टी भरायच्या खिडकीवर मिळतो. मीटरवर हजार लिटरला दर किती, ते विचारा. बिलावर किलोलिटर किंवा घनमीटर लिहिलेलं असलं तरी ते हजार लिटरच. पाणी कमी वापरलं तरी कमीत कमी किती भरावंच लागतं, तेही विचारा. मग टप्प्यांचं. एका मर्यादेनंतर दर चढत असेल तर चढलेला दर फक्त वरच्या पाण्याला लागतो की सगळ्याच पाण्याला, हे स्पष्ट करून घ्या. मोठ्या कुटुंबाचं सगळं गणित या एका उत्तरावर फिरतं. ड्रेनेजचा आकार पाण्याच्या बिलाबरोबर वाढतो का, मीटरचे आणि जोडणीचे पैसे कुणी द्यायचे, मीटर बंद पडला तर बदलून कोण देणार, हे ओघानं येईलच. आणि एक प्रश्न कुणी विचारत नाही, तो जरूर विचारा: एकदा मीटरवर गेल्यावर परत ठरीव पट्टीवर येता येतं का? नाही म्हणाले तर पुढची मोजणी दुप्पट काळजीनं करा.

घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, टेलरचं दुकान असं काही असेल तर तुमची जोडणी घरगुती धरलीय की व्यापारी, तेही बघून घ्या. दोन्हींचे दर वेगळे असतात.

आठवडाभर मोजणी

ज्या घरात हौद आहे तिथं हे सोपं आहे. हौदाची आतली लांबी आणि रुंदी फुटांत मोजा. एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. ६ फूट लांब आणि ५ फूट रुंद हौद असेल तर पाणी एक इंच चढलं की ७० लिटर आलं. गोल टाकीला टेप आडवी लावून आतला व्यास घ्या. व्यास १०० सेंटिमीटर असेल तर दर सेंटिमीटर उंचीला ७.८५ लिटर, ११० असेल तर साडेनऊ लिटर.

उंची मोजायला बांबूची सरळ काठी घ्या आणि तिच्यावर इंचाच्या खुणा करा. बुडवायच्या आधी काठीला खडू चोळा. काठी तळाला टेकेपर्यंत उभी सोडायची, तिरपी झाली की आकडा वाढतो. वर काढल्यावर कोरडा खडू पांढरा राहतो, भिजलेला काळपट होतो आणि मधली रेघ स्वच्छ दिसते. खडू नसेल तर नुसती ओल उन्हात पटकन वाळते आणि मग अंदाजच राहतो.

पाणी यायच्या थोडं आधी काठी बुडवा, पाणी बंद झाल्यावर पुन्हा बुडवा. मधला फरक म्हणजे हौदात आलेलं पाणी. पण नळ चालू असताना आपण गप्प बसत नाही. त्याच वेळेला धुणं होतं, अंगण धुतलं जातं, पिंप भरतात. ते पाणी हौदात जात नाही, म्हणून ते वेगळं धरायला हवं. आमच्याकडं नळाशेजारी एक वाटी आणि मूठभर चिंचोके ठेवले होते. बादली भरली की एक चिंचोका वाटीत टाकायचा. सासूबाईंनाही ते जमलं, कारण त्यात लिहायचं काही नव्हतं. रात्री चिंचोके मोजून वहीत आकडा टाकायचा. बादलीचं माप मात्र लिटरच्या बाटलीनं एकदा पक्कं करून घ्या. विसाची म्हणून आणलेल्या बादलीत आपण उचलण्याइतकं, म्हणजे सोळा-सतरा लिटरच भरतो.

आठवडा साधा निवडा. गणपतीतला नको, मे महिन्यात नातवंडं आलेली असतात तेव्हाचा नको, नवरात्राआधी गोधड्या-अंथरुणं धुवायला काढतो तो तर नकोच. पाणी चार-पाच दिवसांआड येत असेल तर आठवड्याऐवजी पाणी आल्याच्या दिवसापासून तिसऱ्या वेळेपर्यंतचा काळ धरा आणि दिवसांनी भागा. विहीर किंवा बोअर असेल तर ते पाणी यात मिळवू नका, मीटर मोजणार आहे फक्त नळाचं.

आलेल्या आकड्याला दिवसांनी आणि माणसांनी भागलं की माणशी लिटर कळतात. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या नियमावलीत माणशी १३५ लिटर धरतात. विहीर नसतानाही तुमचा आकडा ५० च्या खाली आला तर काहीतरी मोजायचं राहिलंय. २०० च्या वर गेला तर मीटरचा विचार बाजूला ठेवून आधी गळती शोधा.

आता वहीचं पान

पुढचे दर मी नुसते उदाहरणाला धरलेत, तुमच्या कागदावरचे आकडे त्या जागी घाला. समजा ठरीव आकार महिन्याला १५० रुपये आहे. मीटरवर पहिल्या १५ हजार लिटरला हजारी १० रुपये आणि त्यावरच्या पाण्याला १५ रुपये. कमीत कमी आकार ८० रुपये. मीटर, पेटी आणि प्लंबरची मजुरी मिळून २,००० रुपये.

घरात दोघंच आहेत, पोरं पुण्याला. माणशी ११० लिटर धरले तर महिन्याला ६,६०० लिटर. दरानं ६६ रुपये होतात, पण कमीत कमी आकार ८० म्हणून भरायचे ८०. महिन्याला ७० वाचले. मीटरचा खर्च अडीच वर्षांच्या आत निघतो. अशा घरानं मीटर घ्यावा असं मी सांगते.

घरात चौघं आहेत. १३,२०० लिटर, १३२ रुपये. वाचले १८. खर्च निघायला नऊ वर्षांवर लागतील, तोवर मीटरच बदलायची वेळ येईल. "बिल कमी येतंय की!" म्हणून लोक इथंच हुरळून जातात. बिल कमी येतंय हे खरं, पण दोन हजार परत येत नाहीत. मीटर फुकट बसवून देत असतील तर गोष्ट वेगळी.

आता एकत्र कुटुंब, नऊ माणसं. २९,७०० लिटर. पहिल्या १५ हजारांचे १५०, वरच्या १४,७०० चे सुमारे २२०, एकूण ३७०. ठरीव पट्टीपेक्षा महिन्याला २२० जास्त. या घरानं आपणहून मीटर मागायला जाऊ नये, ठरीव पट्टी आहे तोवर तीच भरावी.

भाडेकरू असतील तर आणखी एक गुंता आहे. टप्पे जोडणीवर मोजले जातात, चुलीवर नाही. तीन बिऱ्हाडं एकाच नळावर असली की सगळ्यांचं पाणी एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातं. प्रत्येक बिऱ्हाड मात्र बिचारं काटकसर करत असतं. वेगळी जोडणी घेण्याचा खर्च आणि वरच्या टप्प्याचा भुर्दंड शेजारीशेजारी लिहून बघा. वेगळी जोडणी जमत नसेल तर आतल्या पाइपला प्रत्येक बिऱ्हाडासाठी साधा पोटमीटर लावा. त्याच्यावर बिल येत नाही, पण कुणाच्या वाट्याला किती याचा वाद मिटतो. माणशी वाटणी करायची असेल तर तान्ह्या मुलाला शून्य धरू नका. त्याच्या दुपट्यांना मोठ्या माणसाएवढंच पाणी लागतं.

गळती

दिवसाआड दोन तास पाणी येत असेल तर नळापासून हौदापर्यंतच्या पाइपची गळती दोन तासच चालते. तोच पाइप चोवीस तासांच्या लाइनला जोडला की तीच गळती रात्रंदिवस चालते, आणि आता ती मोजली जाते. म्हणून नवी लाइन आलेल्या घरांत पहिलं बिल बघून डोळे पांढरे होतात. वापर वाढलेला नसतो, जुन्या पाइपचा सांधा गळत असतो.

तपासायची रीत अशी. रात्री सगळे नळ बंद करा, हौदाचा फ्लोट वर येऊन पाणी थांबलंय ना बघा, आणि मीटरची काच पुसून बॅटरी मारा. आकड्यांच्या शेजारी एक छोटी चक्री असते, बोराच्या बीएवढी. ती स्थिर असली पाहिजे. हळूहळू का होईना फिरत असेल तर मीटरनंतर कुठंतरी पाणी जातंय. मग हौदाकडं जाणारा कॉक बंद करा. चक्री थांबली तर दोष हौदाच्या बाजूला, बहुतेक फ्लोटचा. फिरतच राहिली तर मीटर आणि कॉक यांच्या मधला पाइप खणून बघावा लागेल.

टपकणाऱ्या तोटीखाली दहा मिनिटं पेला ठेवा. २०० मिलिलिटर जमले तर दिवसाला २९ लिटर, महिन्याला साडेआठशेच्या वर. वायसर बदलायला काही रुपये लागतात. संडासाच्या फ्लशमध्ये पाणी आतल्या आत भांड्यात झिरपतं, ते दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. टाकीत चिमूटभर हळद कालवा, कुणी फ्लश करू नका, अर्ध्या तासानं भांड्यात पिवळं दिसलं तर आतलं रबर गेलंय. जुनी १० लिटरची टाकी असेल तर तिच्यात भरलेली लिटरची बाटली उभी ठेवा. चौघांच्या घरात दिवसाला वीसेक लिटर तिथंच वाचतात.

आणि एक सवय मोडायला हवी. ताजं पाणी आलं की कालचं शिळं म्हणून मोरीत ओतायचं, हे आपल्याकडं सर्रास चालतं. ठरीव पट्टीत ते खपलं. मीटर असताना ते तुमच्या बिलात येतं. झाकून ठेवलेलं पाणी दोन दिवसांत खराब होत नाही. पिण्याचं उकळा आणि उरलेलं धुण्याभांड्याला घ्या.

विहीर असलेली घरं

बेळगावात विहिरींना तोटा नाही. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर अजून काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. वाड्यांच्या परसातल्या कितीतरी विहिरी मात्र कचऱ्यानं भरल्या, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांची विहीर जिवंत आहे त्यांनी फ्लश, धुणं, अंगण, गाडी आणि बागेचं पाणी तिच्यावर नेलं तर नळाचा वापर निम्म्यावर येतो आणि मोठ्या कुटुंबालाही मीटर परवडू शकतो. विहिरीचा पाइप नळाच्या पाइपला कुठंही जोडू मात्र नका. त्यानं विहिरीचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये शिरतं.

विजेचा हिशोब इथं विसरू नका. अर्ध्या एचपीची मोटार तासाला साधारण अर्धा युनिट घेते. २०२३ पासून गृहज्योती या कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेत आपलं बिल शून्य येतं, पण २०२२-२३ च्या सरासरी वापरापेक्षा थोड्याच जास्त युनिटांपर्यंत. त्यावरच्या युनिटचे पैसे भरावे लागतात, आणि २०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल अंगावर येतं. तुमचा वापर १९० च्या आसपास असेल तर पाण्याचे पन्नास रुपये वाचवायला मोटार जास्त चालवू नका. हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, बिल हातात घेऊनच हे ठरवा.

मीटर बसल्यावर

मीटर आडवा, काच वर, बाणाची दिशा घराकडं. मीटरच्या तोंडाशी जाळी असते, पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की ती तुंबते. धार बारीक झाली की आधी तीच साफ करून घ्या, पण सील तोडून नाही, माणसाला बोलावून.

काळे आकडे हजार लिटरचे असतात आणि बिल त्यांच्यावर होतं. लाल आकडे त्याखालचे.

पाणी अधूनमधून येणाऱ्या गल्लीत एक तक्रार नेहमीची: नळातून आधी फुसफुस हवा येते आणि मीटर भिंगरीसारखा पळतो. हे खरं आहे, हवेनंही चक्र फिरतं. खात्री करायला २०० लिटरचं पिंप पाणी येताक्षणी भरा आणि रीडिंगचा फरक लिहा. अर्ध्या तासानं तेच पिंप पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी फरक १९० ते २१० मध्ये आला तर मीटर ठीक, कारण पाच-सात लिटर आपल्या पिंपाच्या मापातही इकडंतिकडं होतात. पहिल्या वेळी बराच जास्त आला तर हवा मोजली जातेय. अशा वेळी मीटरनंतरचा कॉक बंद ठेवा, पाणी सुटल्यावर थोडा वेळ थांबून हळू उघडा. नळाला थेट मोटार लावून ओढू नका. ते नियमातही बसत नाही, हवाही ओढली जाते आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत येतं ते वेगळंच. दुसऱ्या वेळीही फरक मोठा असेल तर दोन्ही आकडे तारखेसह लिहून मीटर तपासणीचा अर्ज द्या.

खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या खेड्यांत केंद्राच्या जलजीवन योजनेचे नळ आलेत. ती योजना २०१९ ची, माणशी ५५ लिटर धरून केलेली. ग्रामपंचायत पट्टी ठरीव घेते की मीटरवर, ते पंचायतीत विचारा. मीटरवर घेत असेल तर जनावरांचं पाणी वेगळं करा. दुभती म्हैस दिवसाला साठ-सत्तर लिटर नुसती पिते, म्हणजे माणसाच्या वाट्यापेक्षा जास्त. तिला विहिरीवर किंवा ओढ्यावर न्या.

अर्ज द्यायचं ठरलं तर सोबत घरपट्टीची पावती, पाणीपट्टीची शेवटची पावती आणि मागची बाकी निल असल्याचा पुरावा ठेवा. अर्जाची पोच घ्या. मीटर बसेल त्या दिवशी सुरुवातीचं रीडिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा. आणि ठरीव पट्टी कोणत्या महिन्यापासून बंद झाली ते पुढच्या बिलात तपासा, नाहीतर एकाच महिन्याचे दोन आकार लागून येतात.